वाशिमला बंदर नाही म्हणून काय झालं

वाशिमहून समुद्र पाहायला निघालेल्या माणसाला एक रात्र गाडीत काढावीच लागते. जिल्ह्यात सहा तालुके आहेत. एकाच्याही हद्दीत आजवर गलबत आलेलं नाही. तरी आमच्या भागातल्या बारच्या पाट्या वाचत चला. सागर, लहर, किनारा, सरोवर. ज्या गावात मे महिन्यात टँकरपुढे हंड्यांची रांग लागते, त्याच गावाच्या वेशीवर ‘किनारा’ असतो. किनारा कशाचा, हे विचारायचं नसतं. आत गेलं की निळी भिंत, भिंतीवर शिडाचं जहाज, जहाजाखाली ‘उधारी बंद आहे’ आणि कोपऱ्यात काचेच्या पेटीत एकटाच उरलेला मासा. त्याच्याइतकं पाणी गावात दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येत नाही.

उलट खुद्द मुंबईत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, ताजच्या मागच्या गल्लीत नोकरदारांचा आणि कॉलेजकुमारांचा एक जुना लाडका बार आहे. त्याचं नाव गोकुळ. ज्याच्या दारात लाटा आहेत त्याला दह्यादुधाची ओढ, आणि ज्याच्या घरी दोन म्हशी आहेत त्याला लाटांची.

बंदरावरचा रीतसर बार पाहायचा तर त्याच ताजमध्ये जावं लागतं. ताजमहाल हॉटेल 16 डिसेंबर 1903 रोजी उघडलं. तेव्हा समोर गेटवे नव्हता, अपोलो बंदर होतं. मराठी माणसाच्या तोंडी पालवा. गेटवेची कथा तर आपल्याला फारच ओळखीची वाटावी अशी आहे. 1911 च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज बोटीतून उतरले तेव्हा त्यांच्या स्वागताच्या कमानीचं बांधकामसुद्धा सुरू झालेलं नव्हतं. राजाला पुठ्ठ्याची कमान दाखवून वेळ मारून नेली. खरी उघडली 1924 साली. समारंभ आधी आणि बांधकाम मागाहून, ही रीत आपल्या पुढाऱ्यांनी काढली असं आपण उगाच म्हणतो.

ताजमध्ये समुद्राकडे तोंड करून हार्बर बार सुरू झाला तो 1933 साली. मुंबईत बारचा पहिला परवाना याचाच, क्रमांक एक, असा त्याचा लौकिक. त्याआधी मुंबई कोरडी होती असं मुळीच नाही. जिथं खलाशी उतरतात तिथं गुत्ता त्यांच्या आधी पोचलेला असतो. पण परवाना भिंतीवर टांगून, गळ्याला बो बांधलेल्या वेटरच्या हातून पिण्याची सोय इथून सुरू झाली म्हणायची. त्याच वर्षी 5 डिसेंबरला अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि त्या आनंदात एका अमेरिकन पाहुण्यासाठी इथं एक कॉकटेल बनवलं गेलं, अशी कथा सांगतात. ‘फ्रॉम द हार्बर सिन्स 1933’ हे त्याचं नाव. ते पेटवून देतात. या पेटवण्याकडे पुढे येऊच, कारण आमच्या मामांनी त्यावर जो निकाल दिला तो ताजच्या इतिहासात नोंदवायला हवा होता.

1933 साली वाशिम हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. इंग्रजांनी 1905 साली आमचा जिल्हा मोडून अकोल्यात घातला. तो परत मिळाला 1 जुलै 1998 ला. एवढ्या मुदतीत मुंबईनं दारूबंदी आणली, मोडली, पुन्हा वेगळ्या नावानं चालू ठेवली. आमची फाइल तेवढी टेबलावर होती.

पण बंदराशी आमचं नातंच नव्हतं असं कुणी समजू नये. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि सगळ्यांना एकाएकी वऱ्हाडची आठवण झाली. पुढे कारंज्यावरून शकुंतला धावू लागली. मूर्तिजापूर ते यवतमाळ, अरुंद रूळ आणि लग्नाच्या वरातीला शोभेल असा वेग. कारंज्याच्या गाठी मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायच्या, तिथून मुंबई, तिथून बोट. कापसाचा मोठा बाजार त्या काळी कुलाब्यालाच होता, नंतर तो शिवडीकडे गेला. म्हणजे आमचा कापूस पालव्याचा वारा खाऊन, मँचेस्टर पाहून, धोतरजोडा होऊन गावी परत यायचा. आणि तो पिकवणारा माणूस मूर्तिजापूरच्या पलीकडे गेलेला नसायचा.

माझं म्हणणं असं की बंदराला पाणी लागतं, पण बंदरावरच्या गुत्त्याला पाणी लागत नाही. त्याला खिशात नुकताच पैसा आलेला आणि घरी जायला अजून अवकाश असलेला माणूस लागतो. तो आमच्याकडे मुबलक आहे. दिवाळीच्या तोंडावर कुठल्याही बाजार समितीच्या फाटकाशी उभं राहून पाहा. रात्रीपासून ट्रॅक्टर लागलेले. सोयाबीनच्या ढिगात अडत्याचा माणूस हात घालतो, दाणा दाताखाली धरतो, तोंड वाकडं करतो. भाव पाडायची सुरुवात या वाकड्या तोंडापासून होते. मग ओलाव्याचं यंत्र येतं. ते यंत्र वर्षानुवर्षं एकाच पक्षाचं आहे. हर्रास होतो, मापारी मापतो, हमाल पोती शिवतात, काटापट्टी मिळते, आणि मग चुकाऱ्याची वाट. वाट बघणारा माणूस फाटकाबाहेर येतो. समोर अंडाभुर्जीची गाडी, शेजारी शेंगदाणे-फुटाणेवाला आणि त्याच्या पाठीमागं पांढऱ्यावर निळ्या अक्षरांत पाटी: ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’. सरकारमान्य शाळेच्या पाटीचा रंग उडालेला असतो. या पाटीचा कधी उडत नाही.

लिव्हरपूलच्या गोदीत सहा महिन्यांनी उतरलेला खलाशी आणि सहा महिन्यांनी शेतातून उतरलेला सोयाबीनवाला यांच्यात मला काही फरक दिसत नाही. दोघांच्याही हातातले पैसे घरी पोचेपर्यंत किती उरतील याची चिंता दुसऱ्याच कुणीतरी करत बसलेलं असतं.

ही चिंता इंग्रजांनाही होती. म्हणून त्यांनी मुंबईत खलाशांसाठी एक घर बांधलं. रीगल सिनेमासमोर काळसर दगडाची जी भव्य इमारत दिसते, ती मुळात रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. 1870 साली ड्यूक ऑफ एडिंबरा आले, त्यांनी पायाभरणी केली. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी दोन लाख रुपये दिले आणि 1876 साली घर तयार झालं. तेव्हा जगभरच्या बंदरांत अशी घरं उठत होती. खलाशानं बोटीतून उतरून थेट गुत्त्यात जाऊ नये, स्वच्छ गादीवर झोपावं, वेळेवर जेवावं आणि चार चांगले विचार करावेत असा उदात्त हेतू. खलाशांनी गादी मान्य केली असावी.

आता पुढचं ऐका. 1928 साली ही इमारत कायदेमंडळासाठी घेतली. खलाशी गेले, आमदार आले. आणि 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा ज्या कायदेमंडळानं केला, त्याच्या बैठका याच इमारतीत होत. दर्शनी बाजूच्या त्रिकोणी माथ्यावर समुद्रदेव नेपच्यून आपल्या अप्सरा आणि घोडे घेऊन कोरलेला आहे. खाली मोरारजीभाई प्याला हिरावून घेताहेत आणि वर नेपच्यून ओला चिंब. नंतर विधानभवन नवं झालं, आणि जुन्या इमारतीत कोण आलं? पोलिस. आज ते राज्याच्या पोलिस महासंचालकांचं कार्यालय आहे. आधी पिणारे, मग बंदी घालणारे, मग पकडणारे. एका वास्तूनं दारूच्या प्रश्नाच्या तिन्ही बाजू इतक्या निःपक्षपातीपणे ऐकून घेतल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

त्या कायद्याचा संसारही वाचण्यासारखा आहे. एफ. एन. बलसारा नावाच्या गृहस्थांनी त्याला आव्हान दिलं. 1951 साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी बहुतांशी कायम ठेवली, पण मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं त्यातून सोडवली. पिणाऱ्याला नाही तरी खोकणाऱ्याला न्याय मिळाला. वस्त्यावस्त्यांतून आंटीचे अड्डे निघाले, नवसागर टाकलेली हातभट्टी टायरच्या ट्यूबमधून प्रवास करू लागली. साठच्या दशकात वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना बंदीची गाठ सैल होत गेली. नाईकसाहेब पुसदचे, म्हणजे शेजारच्या जिल्ह्यातले. आमचे मामा हे सांगताना “आपल्या इकडचेच” असं म्हणतात आणि थोडं थांबतात, आभार मानायला वेळ मिळावा म्हणून.

कायदा मात्र गेला नाही. नाव आजही दारूबंदी कायदाच. त्याच कायद्याखाली दुकानं चालतात, महसूल जमतो आणि परवाने मिळतात. विदेशीचा एका दिवसाचा परवाना 5 रुपये, देशीचा 2 रुपये, वर्षाचा 100 आणि तहहयात 1000. हा परवाना आरोग्य टिकवण्यासाठी असतो, असं कायद्याचं म्हणणं. शनिवारी रात्री कुठल्याही परमिट रूममध्ये डोकावा, आरोग्याबद्दल इतकी जागरूक माणसं एका ठिकाणी जमलेली दिसणार नाहीत.

मामांकडे तहहयात आहे. प्लास्टिकमध्ये मढवून आधार कार्डाला पाठ लावून ठेवलेला. शेताच्या एका जुन्या फेरफाराच्या कामासाठी आम्ही दोघं मुंबईला गेलो होतो. ज्यांना भेटायचं ते साहेब बैठकीला गेले होते आणि बैठक कुठे आहे ते बैठकीलाच माहीत होतं. दुपार मोकळी पडली. मी मामांना सेलर्स होम दाखवलं, मग गेटवे दाखवला आणि बोलता बोलता परवाना क्रमांक एकची गोष्ट सांगितली. मामांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

“एक नंबरचं लायसन? इथीसा?”

“समोरच.”

“मंग पाहून घेऊ. पेवाचं नाई. दर्शन.”

दारात झडती यंत्र होतं. मामांच्या खिशातून तंबाखूची डबी, चुन्याची डबी, फेरफाराची नक्कल आणि अडकित्ता निघाला. अडकित्त्यावर बराच ऊहापोह झाला. शेवटी तो दाराशी ठेवून आम्ही आत गेलो. आत गारवा आणि इतकी शांतता की मामांच्या नव्या चपलेचा करकर आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. खिडकीशी बसलो. बाहेर गेटवे, त्याच्यामागं लाँची, त्यांच्यामागं आमच्या बारच्या भिंतीवर असतो तसा समुद्र. फक्त जहाज रंगवलेलं नव्हतं.

मामांनी पहिलं काम केलं ते परवाना काढून टेबलावर ठेवण्याचं. वेटर तरुण पोरगा होता. त्यानं तो उचलला, दोन्ही बाजूंनी वाचला आणि दोन हातांनी परत दिला. मामा खूष. मग मेन्यू आला. मामा मेन्यू उर्दूसारखा उजवीकडून वाचतात. उजवीकडच्या पहिल्याच आकड्याशी ते थांबले आणि माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, “हे का बाटलीचं हाय का दुकानाचं?”

दर्शन पुरे झालं होतं. पण शेजारच्या टेबलावर कुणीतरी ते 1933 वालं मागवलं. वेटर आला, काचेचा पेला ठेवला, काडी ओढली आणि ओतताना दारूची धार पेटवली. निळी ज्योत धारेबरोबर पेल्यात उतरली. त्या टेबलावरच्या बायांनी फोन वर केले. मामा मात्र खुर्चीतून अर्धे उठले होते. ज्योत पिवळी होते का, ते बारकाईनं पाहत होते. झाली नाही. मामा बसले.

“चांगली हाय,” ते म्हणाले. “पहिल्या धारेची.”

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: मोहाची भट्टी उतरली की पहिली धार वाटीत घेऊन तिला काडी लावतात. निळी पेटली तर माल खरा. नुसती फुसफुसली तर भट्टीवाल्यानं पाणी दाखवलं. आमच्याकडे ही परीक्षा भट्टीवाल्याची घेतात. ताजमध्ये ती गिऱ्हाइकाला दाखवून तिचे वेगळे पैसे लावतात, एवढाच काय तो मामांचा आक्षेप होता. “आपल्या इकडं काडी फुकट,” असं ते मला म्हणाले, पण वेटरला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मोहावर सरकारचा राग मात्र फार जुना. 1892 च्या एका कायद्यानं इंग्रजांनी ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध घातले होते. झाडाखाली पडलेलं फूल उचलताना माणसानं इकडंतिकडं पाहायचं.

आम्ही दोघांत मिळून एक लिंबू सोडा घेतला. मामांनी शेवटचा बर्फसुद्धा चावून खाल्ला.

परतीच्या गाडीत मामा हायवेबद्दल बोलत होते. समुद्राकाठच्या बारला कुणी समुद्रापासून लांब जा म्हणत नाही, आमच्या बारना मात्र तसं सांगितलं गेलं. सर्वोच्च न्यायालयानं 2016 च्या डिसेंबरात आदेश दिला आणि 1 एप्रिल 2017 पासून राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री बंद झाली. हेतू चांगलाच होता, पिऊन गाडी हाकणाऱ्यांनी माणसं मारली आहेत. पण आमच्याकडची गावं म्हणजे हायवेच्या दोन बाजू. हायवेपासून 500 मीटर मागं सरकलं की गाव संपून तूर लागते. त्या उन्हाळ्यात लोकांच्या हातात टेप दिसू लागल्या. अंतर रस्त्याच्या कडेपासून मोजायचं की मधल्या पट्ट्यापासून, यावर जेवढी चर्चा झाली तेवढी बांधाच्या भांडणातही होत नाही. केरळात परवूरच्या एका बारवाल्यानं जागा न हलवता दारापुढे नागमोडी वाट बांधली. गिऱ्हाईक गोल गोल चालत अंतर पुरं करायचं. जाताना ठीक आहे. येताना त्या चक्रव्यूहातून बाहेर पडायला कुणाला किती वेळ लागला असेल, ते त्या अभिमन्यूंनाच ठाऊक. पुढे काही महिन्यांत न्यायालयानं शहरांच्या हद्दीतल्या दुकानांना सूट दिली आणि टेप पुन्हा शिंप्याकडे गेल्या.

विदर्भात पाण्याकाठचे बार अगदीच नाहीत असंही नाही. सेवाग्राममुळे वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. गडचिरोलीत 1993 पासून. चंद्रपुरात 2015 साली लागली आणि 2021 साली उठली. जिल्ह्याची हद्द बरेचदा नदीच असते. मग एका काठावर गांधीजी आणि दुसऱ्या काठावर पव्वा. पूल ओलांडून जाणाऱ्याची चाल आणि येणाऱ्याची चाल यांवरून त्याचा जिल्हा ओळखता येतो.

गावी पोचल्यावर मामांनी ताजचं वर्णन मामींना केलं, निळ्या ज्योतीसकट. मामी निवडत असलेल्या तुरीच्या डाळीतून मान वर न करता ऐकत होत्या. मामींच्या गावकीतल्या कीर्तीबद्दल इथं सांगायला हवं. देशी दुकानाविरुद्ध महिलांचं मतदान झालं तेव्हा घरोघरी फिरणाऱ्या बायांत त्या पुढे होत्या. पाव हिस्सा महिला मतदारांनी मागणी केली की हे मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप. शिक्का मारायला मामांना मुभा नव्हती. ते दिवसभर शाळेसमोरच्या पारावर बसून होते. त्यांचं एकच म्हणणं होतं, की कागदावर दोन्ही बाटल्या रिकाम्याच काढल्या होत्या. आडवी जिंकली.

तेव्हापासून मामा कायदेशीर मार्ग शोधत आहेत आणि मुंबईहून येताना तो त्यांना सापडला. माझीच चूक म्हणा, गाडीत वेळ जावा म्हणून मी त्यांना सांगितलं होतं, की 2016 च्या कायद्यानं संसदेनं देशातले 111 राष्ट्रीय जलमार्ग जाहीर केले, आणि त्या यादीत पैनगंगा-वर्धा नद्यांचंही नाव आहे. तो पट्टा खालच्या अंगाला आहे, हे मी स्पष्ट केलं होतं. मामांनी ते कानाआड केलं. नदी एकच ना?

“म्हंजे पाय,” मामा मामींना म्हणाले, “पैनगंगा आपल्या रिसोड-वाशिमातूनच तं जाते. जलमार्ग म्हटला का बोट आली. बोट आली का बंदर आलं. बंदर आलं का लायसन द्याच लागते. एक नंबरचं त्याह्यनं घेतलं, आपल्या इकडचं एक नंबरचं मी मागतो. अर्ज लिहून ठेवला हाय.”

मामींनी डाळीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

“पयले नदीत पानी येऊ द्या,” त्या म्हणाल्या. “मंग बोट येऊ द्या. बोट आली का आमी बाया मतदान घेतो.”